पुसलेला चौथा बिंदू

एकदा गणिताचे एक वृद्ध आचार्य आपल्या शिष्येच्या शेवटच्या तोंडी परीक्षेसाठी विद्यापीठात आले. परीक्षेला थोडाच अवधी उरला होता. शिष्येची पदवी या परीक्षेवर टांगलेली होती, आणि नोकरी पदवीवर.

तिचा विषय ऐकून भले भले काढता पाय घेत. पण गाभा साधा आहे. ली बीजगणित नावाच्या काही रचना अनंत पसरलेल्या असतात. त्या आवाक्यात याव्यात म्हणून गणिती त्यांच्या आत मोजक्या बिंदूंचा एक सांगाडा शोधतात आणि दोन बिंदूंमधल्या प्रत्येक वाटेवर ‘निर्देशक’, म्हणजे संख्यांसारख्या गुणता येणाऱ्या राशी, बसवतात. मग प्रश्न येतो, तीन निर्देशकांचा गुणाकार करताना कंस कुठेही घातला तरी उत्तर तेच येते का? शाळेत आपण याला साहचर्य म्हणतो, गुण मिळवतो आणि विसरून जातो. शिष्येचा सिद्धांत असा होता, की उत्तर नेहमी तेच येते.

“सिद्धता सांग,” परीक्षेच्या खोलीशेजारच्या रिकाम्या वर्गात आचार्य म्हणाले.

तिने फळ्यावर चार बिंदू काढले. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत एक निर्देशक, तिथून तिसऱ्यापर्यंत दुसरा, तिथून चौथ्यापर्यंत तिसरा. “आधीचे दोन अगोदर जोडा किंवा नंतरचे दोन, पोहोचतो चौथ्यावरच. उत्तर एकच.”

आचार्य उठले आणि त्यांनी तळहाताने चौथा बिंदू पुसून टाकला. “आता सांग.”

ती चिडलीच. “सर, तिकडे परीक्षक येऊन बसलेत! आत्ता हे कशाला? आणि रचना अनंत आहे, तिच्यात जागेला काय तोटा?”

“पण सांगाड्याला तीनच बिंदू असले तर?”

तिने पुन्हा खडू उचलला. पहिल्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा. पुढे जायला नवा बिंदूच नव्हता, आणि मागे फिरले तर सिद्धता लागू पडत नव्हती.

“हे तुम्हाला कधी कळलं?”

“आज सकाळी. इतके दिवस मीही वाचून पुढेच जात होतो.”

“त्यांनी विचारलंच नाही तर?” तिने दाराकडे पाहिले.

“कदाचित नाही विचारणार. अनंत म्हटलं की आपण दिपतो आणि पायाखालची जागा बघत नाही. अनंतपण निर्देशकांत आहे, सांगाड्यात नाही. चार बिंदू असतील तिथे तुझं म्हणणं खरंच आहे. तीनच असतील तिथे कुठलेही दोनच निर्देशक घेऊन तेच पुन्हा पुन्हा गुण, कंस हवा तसा हलव, काही बिघडत नाही. तिसरा आला, की कोण आधी कुणाशी जोडला गेला, याने फरक पडू शकतो. त्याला दोष समजू नकोस, त्या रचनेचा तो स्वभाव आहे. आत काय बोलायचं, ते मात्र तुझं तू ठरव.”

दारात शिपाई आला. “मॅडम, आत बोलावलंय.”

ती आत गेली. उभ्या उभ्याच म्हणाली, “माझा मुख्य सिद्धांत जसा लिहिलाय, तसा खरा नाही.” एका परीक्षकांनी चष्मा काढून विचारले, “मग खरं काय आहे?” आणि ती बोलत राहिली.

त्या दिवशी पदवी मिळाली नाही. प्रबंध दुरुस्तीसाठी परत आला, नोकरीही हातची गेली. आचार्य बाहेर बाकावर बसून होते. ती शेजारी येऊन बसली, थोडी रडली, मग डोळे पुसून म्हणाली, “सर, तीन बिंदूंसाठी वेगळं प्रकरण लिहावं लागेल. मला वाटतं, माझा खरा विषय तोच आहे.”