एकदाच वाजणारी नळी

फार जुनी गोष्ट बरं का. तेव्हा रान गावाच्या पार उंबऱ्यापर्यंत यायचं. अशाच एका डोंगराकडेच्या गावात हिरू नावाचा गडी राहायचा. उमदा, कष्टाळू, पण बोलघेवडा इतका की समोरच्याला तोंड उघडायची सोय नाही!

त्याचं लग्न ठरलं सोनकीशी. गावची रीत अशी होती, की नवऱ्यामुलाने रानकोंबडा धरून मुलीच्या दारी आणायचा. त्यासाठी तीन पहाटा मिळायच्या. तिन्ही वाया गेल्या, तर लग्न पुढच्या वर्षावर.

रानकोंबडा झाडावर झोपतो, पण कुठल्या झाडावर ते कळायचं कसं? त्याला युक्ती होती. पहाटे घुबडासारखं ओरडायचं. घुबडाचा आवाज ऐकला, की कोंबड्याला राहवत नाही, तो उलट आरवतो. मग त्या झाडाखाली फासे लावायचे आणि तो खाली उतरायची वाट बघायची.

असा आवाज काढणाऱ्या बांबूच्या नळ्या गावातली म्हातारी पवळाई करायची. हिरूने तिच्याकडची सगळ्यात देखणी नळी उचलली. नक्षीची, लाल गोंड्याची. गावात वाजवून दाखवली, तर म्हातारी माणसंसुद्धा दचकून आढ्याकडे बघायला लागली!

पहिल्या पहाटे हिरू रानात गेला आणि नळी फुंकत सुटला. घू घू, घू घू! उजाडलं तरी थांबेना. कोंबडा काही मिळाला नाही. दुसऱ्या पहाटे त्याने आणखी जोर लावला. तोंड दुखून आलं, पण हात रिकामेच.

तो तणतणत पवळाईकडे आला. "पवळाई, या रानात कोंबडेच उरले नाहीत!"

"फुंकल्यावर काय ऐकू आलं रे?"

"माझी घू घू! काय आवाज लागला होता म्हणून सांगू!"

"आणि त्याच्यानंतर?"

"नंतर कुठलं? मी थांबलोच नाही ना!"

पवळाई खुदकन हसली. तिने एक साधी, ओबडधोबड नळी काढली, आत काहीतरी खुपसलं आणि त्याच्या हातात दिली. "उद्या ही ने."

"असली? अगं, माझं लग्न आहे!"

"म्हणूनच देतेय. ने गुमान."

तिसरी पहाट. आज चुकलं, तर सोनकीशी लग्न वर्षभर लांबणार. त्याने छाती भरून नळी फुंकली. घूऽऽ! पुन्हा फुंकली, तर नुसती हवा. आतली भेंडाच्या हलक्या लाकडाची गोटी सरकून भोकात गच्च बसली होती. ठोकून काढावी, तर आवाजाने रान जागं होणार.

"म्हातारीनं घात केला!" हिरू मनातल्या मनात चडफडला. रडूच यायचं बाकी होतं. काही करता येईना, म्हणून तो गप्प बसून राहिला.

पानावरून दव टपकलं. लांब ओहोळाचं पाणी वाहत होतं. हे आवाज त्याने याआधी कधी ऐकलेच नव्हते. आणि तेवढ्यात, हाकेच्या अंतरावरच्या उंबरावरून खणखणीत आरवणं आलं!

हिरूने दबक्या पावलांनी जाऊन फासे लावले. फटफटलं, कोंबडा खाली उतरला आणि अलगद सापडला.

कोंबडा काखेत धरूनच तो पवळाईच्या दारात उभा राहिला. "मिळाला! पण नळी दुरुस्त करून दे हं, गोटी अडकते."

"अडकावी म्हणूनच घातलीय, बाबा. कोंबडे तिन्ही पहाटा ओरडत होते. तुझ्या घू घूमधून तुला ऐकू येईल तेव्हा ना!"

हिरू ओशाळला, मग स्वतःच खो खो हसत सुटला.

लग्न थाटात झालं. ती नळी हिरूने दारावर टांगली. संध्याकाळी घरी आला, की तो एकदा तिच्याकडे बघायचा, सोनकीला विचारायचा, "आज काय काय झालं?" आणि चक्क गप्प बसायचा.

तर मंडळी, साद एकदाच घालावी आणि उत्तराला जागा ठेवावी.