उंबऱ्याबाहेरची वेल

चूक आचार्यांची होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर गोष्ट संपली की मोठी माणसं म्हणणार, "पोरीनंच नीट सांगितलं नसेल."

तर फार फार मागे, तेव्हाच्या राजांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत इतक्या मागे, एका डोंगराच्या पायथ्याशी झाडापाल्याची विद्या शिकवणारी एक शाळा होती. तिथले आचार्य हजार वनस्पतींची नावं खड्या आवाजात म्हणू लागले, की पलीकडच्या शेतातला नांगर थांबत असे. राजा दरवर्षी खास ते ऐकायला यायचा. आवाज टिकावा म्हणून आचार्य रोज दुपारी कंठवेलीचा काढा घेत.

त्या शाळेचा एक नियम होता. ओलं पान उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. आत पहिल्या आचार्यांनी दाबून वाळवलेली पानं होती, त्यांना बुरशी लागू नये म्हणून हा नियम. चांगलाच होता. पण पिढ्या गेल्या, कारण विसरलं आणि ओल्याचा विटाळ तेवढा उरला. मग शिकणं म्हणजे काय, तर वाळलेलं पान जुन्या वाळलेल्या पानाशेजारी ठेवायचं आणि म्हणायचं, "जुळतं." आचार्यांनी मान हलवली की झालं. त्यांनी स्वतः जिवंत झाडाला हात लावून बावीस वर्षं झाली होती.

तिथं एक मुलगी शिकत होती. तिच्या गावात औषध देणारं कुणी नव्हतं, म्हणून गावानंच तिला पाठवलं होतं. तिसरं वर्ष चालू होतं. वैद्यकी करायचा शिक्का मिळायला दोन महिने राहिले होते. उलट बोलल्याबद्दल तिला दोनदा ताकीद मिळाली होती. तिसऱ्यांदा घरी पाठवणार, हे ठरलेलं.

साधाच एक बुधवार. कंठवेल तोडायची पाळी तिची होती. जुनी वेल उन्हाळ्यात मेली होती. आचार्यांनी रानातून आलेल्या वेलीचं पान वाळवून घेतलं, जुन्या पानाशी जुळवलं आणि ती वेल वाफ्यात लावायला सांगितली. आज तिची पहिली तोड.

मुलीनं देठ मोडला. बोटांवर पांढरा चीक आला.

कंठवेल मोडली की पाण्यासारखा स्वच्छ रस गळतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तोडून तोडून हातांनाच कळलं होतं. तिनं दुसरा देठ मोडला. पांढरा. तिसरा. पांढराच. तिनं एक थेंब जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकला. थोड्या वेळानं टोक बधिर झालं.

तोडलेल्या देठांची टोपली घेऊन ती पळत उपाचार्यांकडे गेली. ते ओसरीवर सुपारी कातरत बसले होते.

"गुरुजी, ही वेल वेगळी आहे. हिला चीक येतो."

"पान जुळलंय ना?"

"वाळल्यावर जुळतंच. ओली असताना बघा ना."

उपाचार्यांनी तिच्या बोटांकडे पाहिलं. मग पटकन सुपारीकडे. त्यांना कळलं होतं. कळूनही ते म्हणाले, "बाळ, दोन महिने राहिलेत तुझे. मला निवृत्तीला चार. उगीच कशाला?"

तेवढ्यात मुदपाकातला आचारी आला आणि तिच्यासमोरची टोपली उचलून घेऊन गेला.

सकाळभर वर्गात तिचं लक्ष लागेना. मागच्या चुलीवर काढा उकळत होता. झाकण थडथडलं की ती मागे वळून बघायची. काढा पिणारे आचार्य एकटेच. गप्प बसलं तर शिक्का मिळणार होता. तिच्याकडे कुणी बोटही दाखवलं नसतं.

आचाऱ्यानं पेला आणून ठेवला. ती उभी राहिली.

"आचार्य, काढा घेऊ नका. ही कंठवेल नाही."

"पान जुळलं होतं की नाही?"

"जुळलं. पण वेल ती नाही."

"वा! पान तेच आणि वेल दुसरी! उद्या म्हणशील, नाक आईचं आणि पोरगी शेजारणीची." वर्ग खिदळला. "आणि बोबडं का बोलतेस गं?"

"चीक चाखला म्हणून. जीभ बधिर झालीय."

"म्हणजे ओलं हाताळून तशीच आत आलीस? आधी हात धुऊन ये!"

ती बाहेर गेली. हात धुतले नाहीत. वेलीचा एक तुकडा तोडला आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"आचार्य, इथवर या. दहा पावलं आहेत. तुमच्यासमोर मोडून दाखवते."

"मी यायचं? तुझ्याकडे?"

"बरं, मग मी येते."

तिनं उंबरा ओलांडला. तिनं आचार्यांसमोर देठ मोडला आणि पांढरा थेंब फरशीवर पडला. आचार्यांनी थेंबाकडे पाहिलंच नाही. ते तिच्या चिखलाच्या पावलांकडे बघत होते.

"तिसरी वेळ," ते म्हणाले. "गाठोडं बांध." मग पेला उचलून वर्गाला दाखवला. "बघा रे, या विदुषीचं विष!" आणि एका दमात रिकामा केला.

मुलगी तासाभरात वेशीबाहेर होती. गावाला काय सांगायचं हे तिला सुचत नव्हतं.

दिवस मावळायच्या आत आचार्यांची जीभ जड झाली. सकाळी घसा बसला. महिन्याभरानं राजा आला. आचार्यांनी तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. "वय झालं, महाराज," उपाचार्य घाईघाईनं म्हणाले.

राजा गेल्यावर आचार्य उठले, दहा पावलं चालले, उंबरा ओलांडून वाफ्यापाशी गेले आणि बावीस वर्षांनी त्यांनी स्वतःच्या हातानं एक देठ मोडला. बोटांवरच्या पांढऱ्याकडे बघत राहिले. मुलीला परत बोलवा, असं सांगायला त्यांच्याकडे आवाज नव्हता. पाटीवर लिहिता आलं असतं. तेही त्यांनी केलं नाही.

बोध एवढाच: शिकवणाऱ्यानं शिकणाऱ्याचे मळलेले हात आधी बघावेत, मळलेली पावलं नंतर.

आचार्यांचा आवाज गेला. तो परत आला नाही.