कोकोची वडी आणि गोजरेचे हात

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा मांजरं माणसांशी बोलायची आणि माणसं कामाच्या गडबडीत का होईना, पण ऐकून घ्यायची. बाळांनो, ऐका. आणि बाळांच्या आयांनो, तुम्हीही घटकाभर भिंतीला टेका.

समुद्राकाठी एक राज्य होतं. वर्षातून एकदा लांबच्या मुलखातली गलबतं तिथल्या बंदराला लागायची आणि कोकोच्या कडू बिया उतरवून जायची. बायका त्या बिया भाजून, सोलून, कुटून काळीभोर पूड करायच्या. मग दूध, साखर आणि लोणी घालून त्या पुडीची वडी. दिसायला खव्याच्या वडीसारखीच, पण चांगली जमली तर दात लावायच्या आधीच जिभेवर विरघळणारी.

त्या राज्यात एक रीत होती. मुलाला पाठशाळेत घालायचं, तर आईनं आपल्या हातानं कोकोची वडी करायची आणि टेकडीवर गुरुमायकडे न्यायची. गुरुमाय म्हणजे पाठशाळेच्या गुरूंची बायको. ती वडीचा कोपरा मोडून तोंडात टाकायची. वडी मऊसूत लागली तर मूल आत. दाताखाली साखर करकरली तर ताट परत आणि मूलही परत, थेट पुढच्या वर्षापर्यंत. असं का, ते कुणी विचारत नसे.

त्या गावात गोजरा नावाची एक तरुण आई होती. तिचा नवरा गलबतावर खलाशी. वर्षातले दहा महिने पाण्यावर. घरात ती, तिची मुलगी ठकू आणि एक म्हातारा बोका, एवढीच माणसं. बोक्याला माणसांत धरलं म्हणून हसू नका. तो स्वतःला त्यातच धरायचा.

ठकू तान्ही असताना एकदा तापानं फणफणली होती. ताप उतरला, पण गोजरेच्या मनातून तो गेलाच नाही. तिनं लेकीवरचा हात कधी काढला नाही. ठकूला भरवायची तीच. वेणी घालायची ती, परकराची नाडी बांधायची ती, दोन पायऱ्या उतरायच्या तरी दंड धरायची. ठकू झोपली की श्वास चालू आहे ना, हे बघायला नाकाशी बोट न्यायची, त्यानं ठकू जागी व्हायची, मग दोघींनाही झोप नसायची. ठकू सात वर्षांची झाली, तोवर गोजरेच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं कायमची बसली होती.

गेल्या वर्षी गोजरेनं वडी नेली होती. गुरुमायनं कोपरा चावला, करकर आवाज झाला आणि ताट परत आलं. ठकूच्या वयाच्या पोरी आत गेल्या. आता त्या देवळाच्या दारावरची अक्षरं मोठ्यानं वाचायच्या आणि ठकू शेजारी उभी राहून नुसतं त्यांच्या तोंडाकडे बघायची. यंदाही ताट परत आलं, तर पोर आणखी एक वर्ष अशीच दारात उभी राहणार होती.

गुरुमायनं कृती सगळ्या आयांना एकदाच सांगितली होती, मोजक्या शब्दांत. पाक गोळीबंद होऊ दे. मग उतरव. मग थांब. मग घोट.

गोजरेनं सगळं ऐकलं होतं. त्यातलं 'मग थांब' हे आळशी बायकांसाठी असावं, असं तिला वाटलं. कारण तिच्या आईनं तिला एकच शिकवलं होतं, की दुधाच्या पदार्थावरून हात थांबला की बुडाला लागलंच. बासुंदी असो, खवा असो, हात चालूच पाहिजे. गोजरा त्यातच वाढलेली. वडी रवाळ झाली याचा अर्थ आपण ढवळण्यात कमी पडलो, असा हिशोब तिनं मनाशी धरला होता.

यंदा पाठशाळा उघडायला एकच दिवस उरला होता. गोजरेनं पुडीचे दोन वाटे केले, एक आता आणि एक अडीनडीला. भल्या सकाळी पातेलं चढवलं. दूध, साखर, पूड. पाक उकळला. थेंब गार पाण्यात टाकून पाहिला, त्याची मऊ गोळी झाली. पातेलं उतरवलं, लोणी घातलं आणि लगेच कालथा घेऊन बसली. घोटलं, कडा खरवडल्या, पुन्हा घोटलं. खांदा भरून आला तरी थांबली नाही. मधेच ठकूचं कपाळ चाचपून आली आणि पुन्हा बसली. पाहता पाहता सगळ्या पाकाचा रवा झाला. वाळूच्या ओल्या ढिगासारखा.

गोजरा पातेल्याकडे बघत राहिली. रडायचंही बळ नव्हतं. दोन थेंब आले तेवढेच.

चुलीशेजारी बोका पडला होता. त्यानं एक डोळा उघडला.

"बाई," तो म्हणाला, "एक विचारू? तुझा हात दुखत नाही का?"

गोजरा म्हणाली, दुखतो, पण दुखून काय उपयोग.

"मी म्हातारा झालो," बोका म्हणाला. "या घरातले उंदीर मी कसे धरले, सांगू? बिळाशी बसून. काही न करता. तुझ्यासारखा मी घडोघडी आत पंजा घालून बघत बसलो असतो, तर आज उंदीर इथं बसून तुला वडी शिकवत असते."

गोजरेला हसू आलं नाही, पण तोंडाचा कोपरा जरा हलला. ती म्हणाली, मेल्या, उंदीर वेगळे आणि दूध वेगळं. हात थांबला की दूध लागतं.

"चुलीवर लागतं," बोका म्हणाला. "खाली उतरवल्यावर त्याला लागायला विस्तव कुठाय?"

एवढी साधी गोष्ट गोजरेला कुणी विचारलीच नव्हती आणि तिनंही स्वतःला विचारली नव्हती.

उरलेला वाटा तिनं चढवला. यावेळी पाक गोळीबंद झाल्यावर पातेलं उतरवून पाटावर ठेवलं आणि वरून लोण्याचा गोळा नुसता सोडला. ढवळलं नाही. बोका म्हणाला, आता बुडाला तळहात टेकवता येईल इतकं कोमट होईपर्यंत याच्याकडे बघू नकोस, गरम पाक ढवळला की साखर रवा धरते. गोजरा भिंतीला टेकून बसली. पण हात राहीनात. लोणी एका बाजूनंच वितळतंय असं तिला वाटलं. कडेला साय धरतीय असं वाटलं. एकदाच, अगदी हलक्या हातानं फिरवावं, एवढ्यानं काय होतंय, असं म्हणत ती कालथ्याकडे वाकली.

बोका उठला, चालत आला आणि तिच्या मांडीवर जाऊन बसला. चांगला जड बोका होता. त्यानं पाय पोटाशी घेतले आणि डोळे मिटले.

"ऊठ," गोजरा म्हणाली.

"मी झोपलोय," बोका म्हणाला.

तुम्हाला ठाऊक आहे, मांडीवर झोपलेल्या मांजराला उठवणं किती अवघड असतं. गोजरा तशीच बसून राहिली. मांडीवर ऊब होती, पाठीला भिंत होती, अंगणात ठकूचा कसलातरी आवाज येत होता. आत्ता उठते, आत्ता उठते, असं म्हणता म्हणता सात वर्षांत पहिल्यांदा तिला भरदुपारी गाढ झोप लागली.

जाग आली तेव्हा उन्हाचा कवडसा भिंतीवरून जमिनीवर उतरला होता. ती धडपडून उठली. बोका खाली घरंगळला. आधी ठकूकडे धावावं की पातेल्याकडे, तिला कळेना. ठकूच दारात उभी होती. तिनं आपल्या हातानं ताटलीत भात घेऊन खाल्ला होता, निम्मा पोटात आणि निम्मा जमिनीवर. परकराची नाडीही तिनंच बांधली होती, एकावर एक इतक्या गाठी मारून की ती सोडायला गावाला बोलवावं लागलं असतं. पण परकर जागेवर होता.

गोजरेचा हात नाडीकडे गेला. तिथंच थांबला. ठकू तिच्याकडे बघत होती, आई आता काय करते या नजरेनं. गोजरेनं हात मागं घेतला आणि एवढंच म्हणाली, की घट्ट बांधलीस गं.

मग तिनं पातेल्याच्या बुडाला तळहात टेकवला. कोमट. आतला पाक काळ्या आरशासारखा स्वस्थ होता, लोणी त्याच्यावर आपलं आपण पसरलं होतं. आता तिनं कालथा घेतला आणि घोटायला लागली. यावेळी हात कमीच दुखला. घोटता घोटता पाकाची तकाकी गेली, तो जड झाला आणि कालथ्यामागे दुमडून पडायला लागला. तुपाचा हात फिरवलेल्या ताटात तिनं तो ओतला. संध्याकाळी सुरी फिरवली, तेव्हा वड्यांच्या कडा सरळ निघाल्या.

दुसऱ्या दिवशी ती ठकूला घेऊन टेकडी चढली. पायऱ्या पुष्कळ होत्या. ठकू पुढं पळायची आणि गोजरेचा जीव तिच्या प्रत्येक पावलाबरोबर वरखाली व्हायचा. वर आयांची रांग होती. कुणाचं ताट आत जात होतं, कुणाचं परत येत होतं. गोजरेची पाळी आली. गुरुमायनं वडीचा कोपरा मोडला, तोंडात टाकला आणि डोळे मिटून उभी राहिली. कसलाच आवाज झाला नाही.

"गेल्या वर्षी तूच होतीस ना?" गुरुमायनं विचारलं. "यंदा काय वेगळं केलंस?"

गोजरेला खोटं सुचलं नाही. "काही नाही, माय. मला डोळा लागला. जी काही झाली ती मी झोपले असताना झाली."

मागच्या बायका खुसखुसल्या. गुरुमाय हसली नाही. सकाळपासून वड्या चाखून तीही थकली होती. ती हळू आवाजात म्हणाली, "मला वडीत तेवढंच बघायचं असतं, बाई, की आईला हात आवरतो का. इथं पोरं पडतात, चुकतात, एखाद्या दिवशी रुसून उपाशीही राहतात. जिच्या आईचा हात सुटत नाही, ती पोर इथं बसते, पण शिकत नाही. दिवसभर दाराकडे बघत राहते." मग तिनं ठकूला विचारलं, ही नाडी कुणी बांधली. ठकूनं मान ताठ करून सांगितलं, की मी.

गुरुमाय बाजूला झाली आणि दार मोकळं झालं.

ठकू उंबऱ्यापाशी गेली. गोजरेचे हात आपोआप पुढं झाले, केस सारखे करायला, पदरानं तोंड पुसायला. तिनं ते दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. ठकू आत गेली. वळूनसुद्धा पाहिलं नाही तिनं. गोजरेला ते लागलं, फार लागलं. आणि तेच तिला हवं होतं, हेही तिला कळलं.

ती पायऱ्या उतरायला लागली. निम्म्या वाटेवर पाय भरून आले, तशी एका दगडावर बसली. घाई नव्हती. वरून पोरांचा पाढ्यांचा सूर येत होता, त्यात ठकूचा आवाज कुठला ते तिला ओळखू येईना. तिनं थोडा वेळ कान दिला. मग सोडून दिलं, आणि समुद्राकडून येणारा वारा तोंडावर घेत तिथंच बसून राहिली.

तेव्हा आयांनो आणि बाळांनो, एवढं ध्यानात ठेवा, की जिवापाड जपलेल्या गोष्टीवरूनही वेळ आली की हात काढून घ्यावा लागतो, तेव्हाच ती आपली आपण नीट घडते.