बारावं कार्ड

"मग सही करायला अडचण काय आहे, माई?"

विद्याधर हळब्यांनी हे दुसऱ्यांदा विचारलं. माई मठाच्या ओसरीवर बसून सुपातल्या वरीतले खडे वेचत होत्या. त्यांनी एक खडा अंगणात टाकला आणि पुढचा शोधू लागल्या.

हळबे हे टपाल दर व सेवा तपासणी मंडळाचे अधिकारी. टपालाचे दर वाढवायचे असले, तर पत्रं वेळेवर पोचतात हे आधी या मंडळाला दाखवावं लागे. ते तपासायची पद्धत हळब्यांनीच बसवली होती. दर महिन्याला गावोगाव एकेक जोडकार्ड टाकायचं. ज्याला मिळेल त्याने अर्धं तारीख घालून परत पाठवायचं, अर्धं त्याच्याकडेच राहायचं. कार्डावर पत्ता, कोपऱ्यात मंडळाचा निळा गोल शिक्का, बाकी सगळं कोरं. या पद्धतीचं वरपर्यंत कौतुक झालं होतं आणि हळबे ते चारचौघांत सांगायला विसरत नसत.

डोंगरावरचं कार्ड ते माईंच्या नावाने टाकत. नऊ वर्षं ते माईंना गुरू मानत आले होते. वर्षातून एकदा येत, पाया पडत आणि आपल्या कामाबद्दल बरंच बोलत. माई खोटी तारीख घालणार नाहीत, याची त्यांना खात्री होती.

अकरा कार्डं तिसऱ्या दिवशी पोचली. बारावं पोचलं आठव्या दिवशी. माईंनी तीच तारीख घातली होती.

पायरीवर पोस्टमन बुधा लोहकरे बसला होता. रिकामी पिशवी त्याने मांडीवर घडी करून ठेवली होती.

"चार तारखेला कार्ड याच्या हातात पडलं," हळबे म्हणाले. "तुम्हाला मिळालं नऊला. पाच दिवस यानं टपाल अडवून ठेवलं. तपासणीच्या तक्त्यावर तुमची सही झाली की याचं काम जाईल. मला त्यात आनंद नाही, माई. पण नियम आहे."

"चारला कुठे होतास रे, बुधा?"

बुधाने खाली मान घालून सांगितलं. त्या दिवशी कार्डाखेरीज एकच टपाल होतं. ओढ्यापलीकडच्या आंबेटाक वाडीतल्या हौसाबाई भांगऱ्यांचं, तालुक्याच्या कचेरीतून आलेलं पाकीट. तो आधी तिकडे गेला. संध्याकाळी ओढा चढला तो चार दिवस उतरला नाही, आणि तो तिकडेच अडकला.

हळब्यांच्या समजुतीने मठ तर वाटेवरच होता. त्यांनी विचारलं, की आधी इथे कार्ड टाकून मग पुढे का गेला नाहीस.

"मठ वाटंवर न्हाई, साहेब. हा डोंगर येगळा, वाडीचा येगळा. हितं यून गेलं का दिस जातो."

हळब्यांनी नकाशावर दोन्ही ठिकाणं एकमेकांना लागून पाहिली होती. 

"मागल्या महिन्याचं सांग," माई म्हणाल्या.

बुधाने हळब्यांकडे पाहिलं.

"सांग. साहेब आपलेच आहेत."

"निळा शिक्का दिसला का आधी ते कार्ड पोचवायचं, बाकीचं मागनं. समदेच तसं करत्यात, साहेब. मी बी अकरा डाव तसंच केलं. मागल्या महिन्यात कार्डासंगं हौसाबाईचं पाकीट आलं. मी पळत हितं आलो. पाकीट घिऊन दुसऱ्या दिशी दुपारी वाडीत गेलो. तिच्या जमिनीच्या दाव्याची सुनावणी त्याच दिशी सकाळी हुती."

 पिशवीची घडी त्याने उलगडली आणि पुन्हा घातली.

"तिला वाचता येत न्हाई. तिनं माझ्याकडनंच वाचून घेतलं."



"आणि या खेपेला?" हळब्यांनी विचारलं.

"दुसरी तारीख पाच हुती. हौसाबाई गेली तिला. कचेरी वाडीच्या बाजूलाच, वड्याच्या पल्याड हाय, म्हून जाता आलं."

हळब्यांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. तरी त्यांनी बॅगेतून तक्ता काढलाच. शिक्का ओळखूनही कार्ड मागे ठेवलं म्हणजे चूक उलट मोठी ठरते, असं ते म्हणाले. तक्त्यात बारा ओळी होत्या. प्रत्येक कार्डापुढे शेरा आणि खाली माईंची सही, एवढंच हवं होतं.

माईंनी सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि पेन मागून घेतलं. बारा ओळी भरायला त्यांनी बराच वेळ लावला. मग सही करून कागद परत दिला.

अकरा कार्डांपुढे लिहिलं होतं, 'उशिरा'. बाराव्यापुढे, 'वेळेवर'.

"माई, हे उलटं झालं."

"नाही."

"ही अकरा तर तिसऱ्या दिवशी आलीत."

"हो. बाकीचं टपाल मागे ठेवून पळत आणून दिली त्यानं."

"हा तक्ता मंडळापुढे ठेवला तर माझी सगळी पद्धत मोडीत निघेल."

माई उठल्या. आत गेल्या आणि कोनाड्यातून दोऱ्याने बांधलेला लहानसा गठ्ठा घेऊन आल्या. तो त्यांनी हळब्यांच्या हातात दिला.

बारा अर्धी कार्डं होती. प्रत्येकावर हळब्यांच्या स्वतःच्या वळणदार अक्षरात माईंचं नाव. त्यांनी एकेक उलटून पाहिलं. पहिलं, दुसरं, तिसरं... बारावंही.

"काय लिहिलंय?" माईंनी विचारलं.

"काही नाही, माई. तपासणीच्या कार्डात काही लिहायचं नसतं."

"मी दर वेळी बघत होते."

हळबे कार्डं हातात धरून बसून राहिले. बॅगेत दुसरा कोरा तक्ता होता. त्यांचा हात एकदा तिकडे गेला आणि परत आला. मग त्यांनी माईंच्या सहीचा तक्ता नीट घडी करून बॅगेत ठेवला आणि बुधाला म्हणाले, की उद्या नेहमीच्या वेळेला टपाल उचल. बुधाने पिशवी खांद्याला लावली.

निघताना हळबे माईंच्या पाया पडले.

"पुढच्या महिन्याचं कार्ड पाठवू ना, माई?"

माईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं होतं.

"पाठव. त्यात दोन ओळी लिही. मग उशीर झाला तर मला कळेल."