एका बुंध्याचे दोन फुटवे

ही गोष्ट मी गेल्या कार्तिकात, लाकूड कातून खेळणी घडवणाऱ्या सुभद्रा मेस्त्री यांच्याकडून ऐकली.

फार पूर्वी एका जहागिरीच्या रानात असा रिवाज होता, की पांगारा तोडल्यावर त्याच्या बुंध्यावर येणाऱ्या फुटव्यांपैकी एकच राखायचा. अशाच एका बुंध्यावर दोन फुटवे वाढत होते. रानाचा राखणदार कोणाला तोडेल, या धास्तीने दोघांनाही चैन नव्हते.

"दादा, सरक की जरा! माझं सगळं ऊन तूच खातोस," धाकटा म्हणे.

"आधी पाठ सरळ कर. वाकड्याला कोण ठेवील?" थोरला डिवचत असे.

"अरे, दोघांनाही मीच पाजतोय ना!" बुंधा कळवळून म्हणाला, पण ऐकायला सवड कोणाला होती? एकमेकांच्या वर जाण्याच्या नादात दोघेही उंच, पण बारीक झाले.

वैशाखात राखणदाराने धाकट्याला तोडले. थोरला सुखावला, पण आडोसा जाताच पहिल्याच वावटळीत तो जमिनीपर्यंत वाकला.

"दादा, तू मोडलास तर माझं तुटणं फुकट गेलं रे," खाली पडलेला धाकटा म्हणाला.

राखणदाराने धाकट्यालाच खुंट म्हणून शेजारी रोवले आणि थोरल्याला त्याच्याशी बांधले. पावसाळ्यात त्या खुंटाने मूळ धरले, त्याला पालवीही फुटली.

पुढे खेळणी करणारा एकच खोड न्यायला आला, तेव्हा दोघेही "मला ने, त्याला राहू दे" म्हणाले, असे सुभद्राबाई सांगतात. अखेर खेळणी कोणाची झाली, हे मात्र मला कधीच पडताळता आले नाही.