बगळ्याचं तळं

फार पूर्वी, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक घर होतं. लोक त्याला सावल्यांचं घर म्हणत. तिथे दोन भाऊ राहत, थोरला आणि धाकटा. आईबाप लवकर गेले होते, त्यामुळे धाकट्याला थोरल्यानेच वाढवलं होतं.

थोरला चित्रं काढायचा. कागदावर नव्हे, शेळीच्या पातळ तासलेल्या कातड्यावर. घरातले तीन कारागीर ती चित्रं कापायचे, आरीने त्यांना बारीक भोकं पाडायचे आणि मान, पाय, पंख दोऱ्याने जोडायचे. दिवेलागण झाली की अंगणात पांढरं कापड ताणलं जाई. कापडामागे थोरला काड्यांवर चित्रं हलवी, त्याच्यामागे धाकटा दिवा धरून उभा राही, आणि पुढे बसलेल्या माणसांना सावल्या चालताना, उडताना, रडताना दिसत.

धाकटा शिकला नव्हता. शाळेत गेला तसाच पंतोजींशी भांडून परत आला. डोकं तापट, तोंड त्याहून तापट. पण दिवा इमानाने धरायचा. खेळ मात्र त्याने कापडाच्या पुढे बसून कधीच पाहिला नव्हता. दिवा सोडून जाणार कसा?

लोकांचा सगळ्यात आवडता खेळ म्हाताऱ्या बगळ्याचा. हा बगळा दरवर्षी डोंगर ओलांडून जातो. एका वर्षी मात्र पंख साथ देत नाहीत. वाटेत तो एका तळ्यात उतरतो, पाण्यात पाय बुडवून उभा राहतो आणि डोळे मिटतो. खेळ एवढाच. पण तो पाहायला माणसं पोरंबाळं खांद्यावर घेऊन लांबून येत आणि घरी जाताना कुणी कुणाशी बोलत नसे.

एका दुपारी धाकटा बाजारातून दिव्यासाठी एरंडेल आणायला गेला होता. मागे घराला आग लागली. कशी लागली, ते कधीच कळलं नाही. कातडी, तेल, लाकूड, सगळं एकदम पेटलं. थोरला गेला. तिन्ही कारागीर गेले. धाकटा परत आला तेव्हा त्याच्या हातात तेलाचा बुधला होता आणि समोर राख. तो बुधला त्याच्या हातातून शेवटी शेजाऱ्यांनी काढून घेतला.

बातमी बाजाराबाजारांतून पसरली. जिथे जिथे बगळ्याचा खेळ झाला होता, तिथे तिथे लोकांनी टोपली फिरवली. कुणी धान्य टाकलं, कुणी पैसा, कुणी कापडाचा ताका दिला. शेळ्या राखणारा खांद्यावर कातडी टाकून आला. मिठाचा व्यापारी डोंगरापलीकडून बैल हाकत आला. एक म्हातारी कुंभारीण पदराखाली नवा दिवा घेऊन आली.

आणि प्रत्येकाला बोलायचं होतं.

"तुझा दादा म्हणजे…"

"तो बगळा पाहिला आणि माझ्या बापाची अशी आठवण झाली…"

धाकट्याने सुरुवातीला ऐकून घेतलं. मग तो थकला. लोक त्याच्या गळ्यात पडून रडायचे, आणि त्यानेच उठून त्यांना पाणी द्यायचं. रडायचं त्यांनी, समजूत काढायची याने. एके दिवशी त्याने जळक्या ओट्यासमोर दोरी बांधली आणि ओरडला, "वस्तू इथे ठेवा आणि चालते व्हा! कुणी एक शब्द बोलायचा नाही. तुमच्या बोलण्याने माझा दादा परत येणार आहे का?"

कुंभारीण तेवढी म्हणाली, "अरे लेकरा, दिवा पोचवायला माझं गाढवही आलं असतं. मी बोलायला आलेय."

"मग गाढवालाच पाठवायचं होतं!" धाकटा खेकसला.

म्हातारीने दिवा ओट्यावर ठेवला आणि ती वळली. मिठाच्या व्यापाऱ्याने तोंड उघडलं होतं, ते मिटलं. बैल हाकत तो डोंगरापलीकडे निघून गेला. त्यानंतर मदत येत राहिली, पण मुकी. लोक यायचे, वस्तू ठेवायचे, जायचे. धाकट्याला बरं वाटलं. निदान शांतता होती.

लोकांच्या लाकडातून घर उभं राहिलं. लोकांच्या कातड्यातून धाकट्याने स्वतः चित्रं कापली. हात कापले, चित्रं बिघडली, रागाने फेकली, पुन्हा उचलली. दादाचा बगळा त्याला तोंडपाठ होता. मानेचा बाक, पंखांचे सांधे, तळ्याच्या पाण्यात आरीने पाडलेली बारीक भोकं, सगळं त्याने आठवून आठवून केलं.

दादाच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी त्याने खेळ लावला. सगळ्या गावांना बोलावलं. आता चित्रं त्यालाच हलवायची होती, म्हणून कुंभारणीचा दिवा त्याने एका उखळावर बसवला. दिवा जागचा हलेना. धाकट्याला मनातून समाधान वाटलं. लहानपणापासून खेळाच्या शेवटी त्याचा हात भरून यायचा आणि दिवा थरथरायचा. दादा कधी बोलला नाही, पण आपण दरवेळी त्याचा शेवट बिघडवतो, ही बोच धाकट्याला कायम होती. आज तरी शेवट नीट होणार होता.

खेळ झाला. बगळा उडाला, थकला, तळ्यात उतरला, डोळे मिटले. कुणी काही बोललं नाही. पण ही शांतता जुनी नव्हती. माणसं चुळबुळत उठू लागली. तेवढ्यात एक पोर म्हणालं, "आई, तळ्यात पाणीच नाही."

"गप!" आई कुजबुजली. "त्याला बोललेलं आवडत नाही."

धाकट्याने ते ऐकलं. तो कापडाबाहेर आला. "काय चुकलं?" त्याने विचारलं. माणसांनी खाली पाहिलं. "अरे, सांगा की! काय चुकलं?"

कुणी सांगेना. त्यानेच बांधलेली दोरी होती ती.

दुसऱ्या दिवशी तो कुंभारणीच्या दारात गेला. ती चाकाशी बसली होती. तिने मान वर केली नाही. "गाढव पलीकडे बांधलंय," ती म्हणाली. "त्याच्याशी बोल."

"आजी," धाकटा म्हणाला आणि तिथेच मातीत बसला. "चुकलो मी. काय सांगायला आली होतीस?"

म्हातारीने चाक थांबवलं. "पाणी हलायचं रे," ती म्हणाली. "बगळा तळ्यात उतरला की पाणी थरथरायचं. चमकायचं. वाटायचं, हा जातोय आणि तळ्याला कळतंय. त्यासाठी यायचो आम्ही. काल तुझं तळं दगडासारखं होतं."

"कातड्याचं पाणी हलेल कसं?"

"ते मला काय विचारतोस? मी कापडाच्या अलीकडे, तू पलीकडे."

धाकटा आपल्या हाताकडे बघत राहिला. मग हळू म्हणाला, "दिवा हलायचा, आजी. मी दमायचो म्हणून."

"तेच सांगायला आले होते," म्हातारी म्हणाली. "मी तुझ्या दादाला एकदा म्हटलं, पोराचा हात दुखतो, दिव्याला उंच बैठक घडवून देते. तर तो हसला. म्हणाला, नको आजी. दिवा धाकटाच धरील. तो दमतो तेव्हाच माझ्या तळ्यात पाणी येतं. म्हणून तर बगळा मी शेवटी उतरवतो."

धाकटा वर्षभर रडला नव्हता. त्या दिवशी कुंभारणीच्या अंगणात, ओल्या मडक्यांमध्ये बसून तो रडला. या वेळी पाणी तिने आणून दिलं.

घरी येऊन त्याने दोरी सोडली. मग तो गावोगाव फिरला आणि ज्यांना गप्प केलं होतं त्यांच्या ओट्यांवर जाऊन बसला. शेळ्या राखणाऱ्याला बगळ्याची चाल इतकी पाठ होती, की पुढच्या खेळाला काड्या त्याच्याच हातात दिल्या. धाकटा मागे दिवा धरून उभा राहिला. शेवटाला हात भरून आला. दिवा थरथरला. त्याने सावरला नाही.

"आलं पाणी!" कापडापलीकडून तेच पोर ओरडलं. या वेळी त्याला कुणी गप्प केलं नाही.

मिठाचा व्यापारी मात्र परत आला नाही. तो काय सांगणार होता, ते कधीच कळलं नाही. बैलांच्या घंटा वाजल्या, की धाकटा अजून रस्त्यावर येऊन बघतो.

तात्पर्य: दुःखात दारी आलेल्या माणसाची वस्तू ठेवून घेतली आणि त्याचं बोलणं परत पाठवलं, तर मदत अर्धीच घेतली. गेलेल्या माणसाचा एखादा तुकडा त्या बोलण्यात असतो, आणि कधी कधी आपलाही.