राक्षसपटाचा विडा

भैरवगडच्या राजेसाहेबांना सगुणा चितारणीने सोंगट्यांच्या खेळाचा एक नवा पट रंगवून दिला. चौघांनी मिळून राक्षसाला गडाबाहेर काढायचं. जिंकले तर चौघंही जिंकले, हरले तर चौघंही हरले.

राजेसाहेब राणीसाहेब, दिवाणजी आणि सेनापतींना घेऊन बसले आणि ओळीने पाच डाव हरले. "फारच अवघड आहे हा!" ते गरजले. दुसऱ्या दिवशी सगुणाने राक्षसाचं बळ निम्मं केलं, तर चार फाशांत डाव आटोपला. "हा तर पोरखेळ! उद्या नीट जमला नाही, तर पट बंबात घालीन."

सगुणाने दोन्ही दिवस मागे बसून पाहिलं होतं. सोंगटी कुणाचीही असो, ती कुठे सरकवायची हे राजेसाहेबच सांगत.

तिसऱ्या दिवशी तिने पट मांडला आणि राजेसाहेबांपुढे भला थोरला विडा धरला. "मोहिमेवर निघणारा विडा उचलतो, सरकार. डाव संपेपर्यंत हा तोंडातच ठेवायचा."

राजेसाहेबांचे गाल फुगले, बोलणं खुंटलं. मग राणीसाहेबांनी आपल्या मनाने वेस अडवली, दिवाणजींनी चोरवाट शोधली, सेनापतींनी तोफ वळवली आणि अगदी शेवटच्या फाशाला राक्षस गडाबाहेर पडला.

राजेसाहेबांनी घाईने पिकदाणी ओढली. "आता जमला! राक्षसाचं बळ किती ठेवलंस?"

"पहिल्या दिवशी होतं तेवढंच, सरकार. तेव्हा त्याच्याशी आपण एकटेच लढत होता. आज चौघं लढलात."

राणीसाहेबांना हसू आवरेना.

"मांडा पुन्हा," म्हणत राजेसाहेबांनी आपल्याच हाताने दुसरा विडा तोंडात कोंबला.